मशीन बंद पडली की

त्या वर्षी धान कापणीला आलं तेव्हा आमच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, माझ्या खांद्याला लागेल इतकं गवत माजलं होतं. त्याच्या पलीकडे रायमुनियाची, म्हणजे घाणेरीची, दाट झुडपं आणि त्यांना लागून नाला. संडास घरापासून तीस पावलांवर, त्या गवताच्या तोंडाशी. नाला ओलांडला की जंगलखात्याची हद्द सुरू होते, हे आम्हाला माहीत होतं. जनावरांना ते माहीत नव्हतं.

आमचं गाव ब्रह्मपुरीहून जीपने तासाभरावर. मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवायचे. घरात आम्ही तिघं: मी, माझी चार वर्षांची मुलगी आणि सासरे. नवरा भामरागडकडे ग्रामसेवक होता, पंधरा दिवसांनी एकदा यायचा आणि पावसाळ्यात रस्ता तुटला की महिनाभर नाही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

सासऱ्यांनी तीस वर्षं राइस मिलवर डिझेल इंजिन चालवलं होतं. त्या इंजिनाने त्यांचे कान नेले. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त त्यांना मान्य नव्हतं. आजकाल लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि सून सासऱ्यावर ओरडते म्हटल्यावर शेजारपाजार कान टवकारायचा. म्हणून मी बोलणंच कमी केलं. तेही मुलीच्या मार्फत बोलायचे. "तुह्या आईले सांग, चहा ठेव म्हणा." मी दोन हातांच्या अंतरावर उभी असायची. सहा वर्षं आमचं असं चाललं होतं. भांडण नव्हतं आणि बोलणंही नव्हतं.

कापणीच्या सुरुवातीला आधी गल्लीतलं एक कुत्रं दिसेनासं झालं. मग एका दुपारी शेजारच्या बाईची बांधलेली शेळी गेली. दोर तुटलेला आणि ओढत नेल्याची वाट सरळ आमच्या गवतात शिरलेली. नाकेदार, म्हणजे आमच्या भागाचे वनरक्षक, दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलने आले. जयभीम करून ते न बसता मागे गेले. नाल्याच्या ओल्या मातीत उमटलेल्या ठशावर त्यांनी पंजा ठेवून पाहिला.

"बिबट आहे बाई. येऊन जाऊन नाई राह्यला, इथीच बसून राह्यला."

"मग आता?"

"मी वर कळवतो. पिंजरा यायला वेळ लागते. तोवर हे गवत साफ करा. संडासापासून नाल्यापर्यंत त्याले लपाले जागाच जागा आहे." जाता जाता ते वळले. "पण विळ्यानं बसून कापू नोका. बसलेला माणूस त्याले जनावरासारखा दिसते. आणि नाल्याकडची बाजू मोकळी ठेवजा. त्याले निघून जायले वाट पाहिजे."

उभ्याने गवत कापायचं कसं? आणि कापणार कोण? गावातला प्रत्येक हात धानाच्या बांधीत होता. पुढचे तीन आठवडे मजूर मिळण्याची आशा नव्हती. त्या आठवड्यात मी मुलीला संडासला नेताना एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन जायची. डबा वाजवत जायचं, वाजवत उभं राहायचं, वाजवत यायचं. मुलीला ते खेळासारखं वाटायचं. मला रात्री झोपेतही तो डबा ऐकू यायचा.

शनिवारी संध्याकाळी सासऱ्यांनी पडवीच्या कोपऱ्यातून एक पोतं ओढून काढलं. त्यात गवत कापायची पेट्रोलची मशीन होती. रस्त्याच्या कडा साफ करणाऱ्या एका ठेकेदाराने दोन वर्षांपूर्वी ती दुरुस्तीला आणून टाकली होती आणि तो पुन्हा आलाच नाही. लांब नळी, तिच्या एका टोकाला पोलादी पातं, दुसऱ्या टोकाला नारळाएवढं इंजिन, आणि गळ्यात अडकवायचा पट्टा. उभ्याने चालवायची.

"तुह्या आईले सांग," ते मुलीला म्हणाले, "उद्या सुट्टी आहे नं. मदतीले लागन म्हणा."

रविवारी सकाळी त्यांनी टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाकलं. ते चहासारखं लाल झालं होतं. नव्या पेट्रोलमध्ये इंजिनचं ऑइल मोजून मिसळलं, कारण ह्या मशीनला वेगळं ऑइल नसतं, दोन्ही एकत्रच जातं. प्लग खोलला, वाळूच्या कागदाने घासला, परत बसवला. दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. विसाव्या-पंचविसाव्या झटक्याला मशीन खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली. सासऱ्यांनी इंजिनावर तळवा ठेवला. ते इंजिन हातानेच ऐकायचे. मान हलवून म्हणाले, "बरी आहे."

मुलीला मी आतल्या खोलीत बसवलं, दाराला बाहेरून कडी लावली. खिडकीच्या गजातून तिचं गाणं ऐकू येत होतं. तेवढं गाणं चालू आहे म्हणजे ती ठीक आहे, असं मी ठरवून टाकलं.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली, आणि ती सांगताना त्यांच्यासमोर उभी राहून, मोठ्या आवाजात सांगितली. "मामाजी, मशीनच्या आवाजात तुम्हाले माही हाक येणार नाई. कमरेले दोर बांधते. एकदा ओढला तर थांबा. दोनदा ओढला तर मागं या."

"मी काय बैल आहो?" ते म्हणाले. पण हात वर करून उभे राहिले. मी त्यांच्या कमरेला दोर बांधला. वेल्डिंगचा काळा चष्मा त्यांनी डोळ्यांवर चढवला.

घराच्या बाजूने सुरुवात केली. पातं गवताला लागलं की हिरवा फवारा उडायचा. मशीनच्या त्या कर्कश आवाजाने मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. एवढ्या गोंगाटात कोणतं जनावर थांबेल? मी मागे दोर सोडत होते, काखेत डबा. पाचेक मिनिटं झाली असतील. संडासाच्या पुढे चार-पाच हात गेलो आणि मशीनचा आवाज पातळ झाला, वर चढला, आणि बंद.

ती शांतता मला आजही नीट सांगता येत नाही. गवत आपोआप सरळ होत होतं, त्याचा सळसळ आवाज. खिडकीतलं गाणं. आणि आम्ही दोघं गवताच्या पोटात उभे.

मी दोर दोनदा ओढला. ते मागे आले.

अंगणात त्यांनी पुन्हा प्लग खोलला. टोक कोरडं ठणठणीत. "पेट्रोल पोचून नाई राह्यलं," ते स्वतःशीच म्हणाले. तरी प्लग घासला, बसवला, दोरी ओढली. मशीन दुसऱ्या झटक्यात सुरू झाली. त्यांनी विजयाने माझ्याकडे पाहिलं. मलाही वाटलं, कचरा असेल, निघाला.

पुन्हा आत. पुन्हा पाच मिनिटं. पुन्हा तो आवाज वर चढला आणि बंद.

ह्या वेळी टाकी उघडली. तारेचा आकडा करून आतली नळी बाहेर काढली. नळीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी जाळी होती. ती पेट्रोलमध्ये धुतली, तोंडाने फुंकली. पेट्रोल ओठाला लागून त्यांचं तोंड वाकडं झालं. सगळं बसवलं. मशीन लगेच सुरू झाली. अंगणात दोन मिनिटं चालवून पाहिली. काही नाही. "जाळीच होती," ते म्हणाले. आता त्यांना खात्री होती. मला नव्हती, पण इंजिनातलं मला काय कळणार? मी दोर धरला.

ह्या वेळी ते रायमुनियाच्या झुडपांपर्यंत पोचले. माझ्यात आणि त्यांच्यात बारा-पंधरा पावलांचं अंतर. तिथे मशीन बंद पडली.

मी डबा वाजवला. वाजवायची थांबले, आणि तेव्हा ऐकलं. जाड घशातून आलेली, जमिनीलगत पसरणारी गुरगुर. मांजराची नाही आणि कुत्र्याचीही नाही. झुडपाच्या डावीकडून येत होती. एकदा थांबली आणि पुन्हा आली.

मी दोर ओढला. दोनदा. सासऱ्यांना वाटलं दोर झुडपात अडकला. त्यांनी न बघता मागे हात झटकला आणि मशीन जमिनीवर टेकवून, दोरी ओढायला खाली बसले.

खाली बसले.

"मामाजी!" मी ओरडले. छाती फाटेल इतकं ओरडले. त्यांची पाठ हललीसुद्धा नाही. ते दोरी ओढत होते, शांतपणे, मिलमध्ये असल्यासारखे. गुरगुर थांबली होती आणि ते जास्त वाईट होतं.

मी विचार केला असं म्हणणार नाही. दोर सोडला आणि आत गेले. ती बारा पावलं मी डबा छातीशी धरून चालले, पळाले नाही, पळता येत नव्हतं. मागून त्यांच्या गळ्यातला पट्टा धरला आणि सगळ्या ताकदीने वर ओढलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती, वाकून पाया पडण्यापलीकडे मी त्या माणसाला कधी हात लावला नव्हता. ते धडपडत उठले, संतापून वळले.

"काऊन ओढतं? वेडी झाली का?"

मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. मी डावीकडे बोट केलं. त्यांनी चष्मा कपाळावर सारला. तिथे काही दिसत नव्हतं, फक्त पानं. पण एक फांदी हलत होती, आणि वारा नव्हता.

आम्ही तोंड झुडपाकडे ठेवून मागे मागे आलो. मशीन त्यांच्या गळ्यात लटकलेली, पातं पुढे. मी एका हाताने पट्टा सोडला नव्हता, दुसऱ्या हाताने डबा मांडीवर आपटत होते. अंगणाची कड लागली तेव्हा पट्टा सोडला. मी पडवीच्या पायरीवर बसले. खिडकीतून मुलगी विचारत होती, "आई, संपलं का?"

सासऱ्यांनी मशीन खाली ठेवली. मग माझ्यासमोर येऊन बसले. मुलगी मध्ये नव्हती. सरळ मला विचारलं, "आवाज आला?"

"आला."

"किती वेळ?"

"दोन डाव. मोठा होता."

"आणि तू हाक मारली?"

मी मान हलवली. त्यांनी आपल्या कानाला हात लावला, जणू तो तिथे आहे का ते बघावं. "मले कायीच नाई आलं," ते म्हणाले. "कायीच नाई."

मी उठले. त्यांना पाणी आणून दिलं. भांड्यातून पाणी बनियनवर सांडलं. मला भीती वाटून गेली, की आता हा माणूस माझ्यासमोर रडेल आणि मला ते सहन होणार नाही. पण ते रडले नाहीत. त्यांनी मशीन ओढून पुढ्यात घेतली.

"काय बिघडलं ते पायल्याशिवाय सोडणार नाई," ते म्हणाले. "तू बस इथी. मी हात लावतो, तू ऐक."

असं ते कुणाला म्हणाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

प्लग पुन्हा कोरडा निघाला. त्यांनी जाळी काढायला टाकीचं टोपण फिरवलं, आणि मला एक बारीक आवाज ऐकू आला. स्स्स्. सायकलच्या ट्यूबला भोक पडल्यासारखा, पण क्षणभरच.

"मामाजी, टोपण उघडताना हवा जाते."

"कुठी?"

"आत. टाकीत शिरल्यासारखी."

त्यांनी टोपण हातात धरून माझ्याकडे पाहिलं. त्यांना तो आवाज आला नव्हता, येणारच नव्हता. मागच्या वेळीही आला असेल, तेव्हा मी खिडकीतल्या गाण्याकडे लक्ष ठेवून होते.

"आता जाळीले हात नोका लावू," मी म्हणाले. "फक्त टोपण लावा आन् सुरू करा."

त्यांनी तसं केलं. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झाली. म्हणजे जाळी धुतल्याने काही झालं नव्हतं, टोपण उघडल्याने झालं होतं. अंगणात चालू ठेवली. मी मनात मोजत राहिले. पाच मिनिटांच्या आसपास तो आवाज वर चढला. ह्या वेळी मी त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "आता." त्यांनी झटकन टोपण सैल केलं. मशीन अडखळली, दोन गचके दिले, आणि पुन्हा पूर्ण आवाजात चालू लागली.

सासरे हसले. त्या दिवसात पहिल्यांदा. मशीन बंद करून त्यांनी मला समजावलं. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तशी वरून हवा आत यावी लागते, त्यासाठी टोपणात एक बारीक भोक असतं. ते बुजलं की टाकी आतून पेट्रोल ओढून धरते, इंजिनाला देत नाही. थोडा वेळ थांबलं की हवा कशीबशी झिरपते आणि मशीन पुन्हा चालते. म्हणून प्लग घासला तेव्हाही चालली होती. त्या वेळी आम्ही घासण्याला श्रेय दिलं, आणि खरं तर फक्त थांबलो होतो.

दोन वर्षं पोत्यात पडून ऑइल आणि धूळ त्या भोकात घट्ट बसली होती. टोपण सैल ठेवून काम करता आलं नसतं, मशीन तिरपी झाली की पेट्रोल गरम इंजिनावर सांडलं असतं. मी शिवणाची सगळ्यात बारीक सुई आणली. टोपण पेट्रोलमध्ये भिजवलं. त्यांची बोटं त्या कामाला जाड होती, सुई मीच चालवली. टोपण ओठाला लावून ते फुंकायचे आणि मी पलीकडे गाल धरायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी गालाला गार हवा लागली.

मशीन अंगणात वीस मिनिटं सलग चालली. मी आणखी दहा मिनिटं चालवायला लावली.

दुपार कलायच्या आत नाकेदार दोन माणसं घेऊन आले. शेजारच्या बाईने शेतावरून परतताना माझी ओरड ऐकली होती, तिनेच निरोप पाठवला. मी जे ऐकलं ते सांगितलं. नाकेदार गंभीर झाले. दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब त्यांनी घराच्या बाजूला लावले, माणसं ढोलकी घेऊन दोन्ही कडांना उभी केली, नाल्याची बाजू रिकामी ठेवली. बॉम्ब फुटले. झुडपात काही हललं नाही. गेला असेल, एक जण म्हणाला. नाकेदार मशीनकडे वळले.

"मशीन मी चालवतो," त्यांनी सासऱ्यांना सांगितलं.

सासऱ्यांनी ऐकलं नाही, की ऐकू आलं नाही, कोण जाणे. त्यांनी पट्टा गळ्यात घातला आणि माझ्यापुढे कमर धरली. मी दोर बांधला. ह्या वेळी अंतर पाच पावलांचं ठेवलं.

गवत कापत गेलो. पाच मिनिटं गेली. सहा. माझं सगळं अंग त्या आवाजाकडे लागलेलं, तो चढतो का, पातळ होतो का. तो एकसारखा होता. रायमुनियाच्या पहिल्या फांद्या पात्याखाली आल्या तेव्हा उजवीकडच्या माणसाने ढोलकी सोडून बोंब मारली. मी पाहिलं तेव्हा जनावर नाल्याच्या काठावर होतं. पिवळं, ठिपक्यांचं, माझ्या अंदाजापेक्षा लहान आणि फार लांब. त्याने पळायची घाई केली नाही. एकदा आमच्याकडे वळून पाहिलं, मग नाल्यात उतरलं आणि पलीकडच्या सागात दिसेनासं झालं.

मी दोर एकदा ओढला. सासरे लगेच थांबले. मशीन बंद करून वळले.

"गेला?"

"गेला."

"दिसला तुले?"

"दिसला."

त्यांनी नाल्याकडे पाहिलं, मग पुन्हा दोरी ओढून मशीन सुरू केली. उरलेलं सगळं दिवस मावळायच्या आत कापलं. झुडपाच्या आत गवत दबून एक बसकण तयार झाली होती, कोंबडीची पिसं, शेळीचे केस. मी तिथून घरापर्यंत पावलं मोजली. एकोणचाळीस. नंतर वाटलं, मोजायला नको होती.

पंधरा दिवसांनी नवरा आला तेव्हा त्याला साफ सांदवाडी दिसली. सासऱ्यांनी त्याला सगळं सांगितलं, माझ्यासमोर, मोठ्या आवाजात. मी पट्टा धरून ओढलं, तेही. नवरा माझ्यावर चिडला, की एवढा धोका का घेतला. मग बाहेर जाऊन बराच वेळ नाल्याकडे बघत उभा राहिला.

त्या हिवाळ्यात मी सासऱ्यांना ब्रह्मपुरीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. जायचा विषय त्यांनीच काढला होता. डॉक्टरांनी तपासून कानात लावायचं यंत्र दिलं. परतताना जीपमध्ये त्यांनी ते लावून पाहिलं, टायरचा आवाज, लोकांचं बोलणं, कुणाच्या तरी पिशवीतली कोंबडी. निम्म्या वाटेत काढून खिशात टाकलं.

"लोकं लई बोलतेत," ते म्हणाले.

घरी ते यंत्र सकाळी लावायचे आणि जेवणाच्या वेळी काढायचे, भांड्यांचा आवाज सहन होत नाही म्हणून. पण मला काही सांगायचं असलं की मुलीला मध्ये घेणं बंद झालं. "बाई," असं सरळ म्हणायचे, आणि पुढचं बोलायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर पलीकडच्या गावात पिंजऱ्यात एक बिबट सापडला. अख्खं गाव ट्रॅक्टरमध्ये बसून बघायला गेलं, शाळेतली मुलंही गेली. तोच होता की दुसरा, हे कुणाला सांगता आलं नाही. शेजारच्या बाईने मला बोलावलं. मी वह्या तपासायच्या आहेत म्हणून घरी राहिले.